दोन सेकंदांचा आडोसा

"वायर घट्ट बसली का, ताई?" पडद्यावरून धाकट्या भावानं विचारलं. ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. मनगटावरची बाही तिनं पुन्हा खाली ओढली आणि बसली म्हणून सांगितलं.

धाकटा एका गेमच्या कंपनीत होता. बटण दाबलं की गोळी तत्क्षणी सुटली पाहिजे, मध्ये उशीर नको, हेच त्याचं काम. हरलेले खेळाडू रोज त्याच्या नावानं खडे फोडायचे. या घरातला खेळाडू म्हणजे तिचा नवरा. गेम अडकला की तो हरायचा, आणि हरला की राग काढायला समोर कोण? हीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात, तिचा फोन त्याच्या कपाटात. रविवारी दुपारी कॉम्प्युटरवरून भावाशी बोलायची तेवढी मुभा. तीही तो शेजारीच टीव्हीवर गेम लावून बसलेला असताना. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा.

या कोंडवाड्यात तिला एकच आडोसा होता. इंटरनेटची लाइन रडकी होती. चित्र अडखळत यायचं, बोलणं उशिरा पोचायचं. भाऊ 'कशी आहेस' विचारायचा. ती आवंढा गिळायची, चेहरा नीट करायची आणि 'मजेत' म्हणायची. मध्ये दोनेक सेकंद जायचे. भाऊ लाइनला शिव्या घालायचा आणि हिचं झाकलेलं झाकलेलंच राहायचं.

आज नवऱ्यानंच फर्मान सोडलं होतं, तुझ्या भावाला एवढी अक्कल आहे तर आपली लाइन सुधारून दे म्हणावं. भाऊ एका पायावर तयार. कपाटामागचा राउटर टेबलावर आला. टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही वायरला जोडले गेले. मागे गुपचूप चाललेली डाउनलोडं बंद झाली. भाऊ सांगेल तसं ती करत गेली. आपल्याच हातानं आपला आडोसा पाडत होती बिचारी.

मग भावानं त्याच्या कामातली नेहमीची परीक्षा घेतली. मी टाळी वाजवली की तूही वाजव. त्यानं वाजवली, तिनं वाजवली. टाळीला टाळी लागली. भाऊ हरखून गेला. म्हणाला, आता एकाच खोलीत बसल्यासारखं वाटतंय बघ.

शेजारी नवऱ्याचा गेमही सुरळीत धावू लागला होता. कधी नव्हे ते तो जिंकत होता. रंगात येऊन त्यानं दुसरा कानही झाकून घेतला. तिनं ते पाहिलं. पण इतक्या वर्षांची सवय, अशी थोडीच सुटते?

"कशी आहेस, ताई?"

तिनं आवंढा गिळला. चेहरा नीट केला. मग 'मजेत' म्हणाली.

भावाचं हसू ओसरलं. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातले, लाइनचा उशीर दाखवणारे आकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागचे सगळे रविवार आठवत असावा.

"लाइन आता चोख आहे, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "मग हे दोन सेकंद कुणाचे?"

"माझे. मला न्यायला ये." या वेळी उत्तराला जराही उशीर झाला नाही.