तळहातभर

वनखात्याच्या गार्डबाईने नमुना घेण्याच्या परवानगीचा फॉर्म दोनदा वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"तारीख मागची आहे, सर."

"मागचीच लागते," प्राध्यापक म्हणाले. "परवानगी आधी, नमुना नंतर. नियम मी तुम्हाला सांगायचा का?"

वनस्पती संग्रहालयाच्या त्या लांबट खोलीत छतापर्यंत लोखंडी कपाटं होती आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात चढत होता. खुर्ची एकच, तिच्यावर प्राध्यापक बसलेले. गार्डबाईच्या बुटांचा चिखल फरशीवर उतरला होता आणि ती आल्यापासून ते त्या चिखलाकडेच बघत बोलत होते.

काल सकाळी गस्तीवर असताना ती घळीतल्या खडकापाशी गेली होती. धबधब्याचे तुषार बारा महिने जिथे उडतात तिथे, सावलीच्या अंगाला, एक हिरवा तुकडा वाढायचा. सरांच्या भाषेत यकृतका, बाकी सगळ्यांच्या भाषेत शेवाळ. जगात दुसरीकडे कुठे सापडलं नाही, असं सरच म्हणाले होते. वरची झाडं गेली तर ऊन पडून ते करपेल म्हणून ती लाकूडतोड्यांशी हातघाईवर आली होती. नऊ वर्षांत तिने स्वतः त्याला बोट लावलं नव्हतं. सरांना जागा दाखवली तीही तिनेच, गेल्या महिन्यात. काल तिथे नुसता खडक होता, चाकूने खरवडलेला.

"किती घेतलंत?"

"नमुन्यापुरतं."

"म्हणजे किती?"

"असेल तळहातभर."

"तिथे तळहातभरच होतं."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, नमुना ठेवल्याशिवाय नाव देता येत नाही. नाव नसेल तर संरक्षित यादीत ते घालणार कसं? पुढच्या वर्षी त्या घळीतून रस्ता काढतील, तेव्हा तुम्ही काय दाखवणार होतात? शेवाळ?"

"चिमूटभर पुरलं असतं."

"दुसऱ्या विद्यापीठाची दोन माणसं याच्या मागावर आहेत. उद्या त्यांनी नेलं असतं." ते थांबले. "आणि ती चढण माझ्या गुडघ्याला पुन्हा झेपली नसती."

"म्हणजे गुडघ्यापायी."

"तोंड सांभाळून बोला."

मग प्राध्यापकांनीच सूर बदलला. कागदाची पुडी उघडून त्यांनी नमुन्याचा एक कण काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे सरकवला. "बघा तरी. आतापर्यंत कधी नीट पाहिलंच नसेल तुम्ही."

ती वाकली. पानांच्या दोन ओळी, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक दाते. सगळं तपकिरी. त्याला असे दाते आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. हे आपल्याला या माणसाने दाखवावं याचा तिला संताप आला.

"भिजवलं तर परत धरेल?"

"वाळवणीच्या पेटीत दोन दिवस होतं," ते म्हणाले. मग घाईने, "मी याला तुमचं नाव देणार आहे. जगभरच्या पुस्तकांत राहील. तुमच्या पोरांना सांगा. तेवढी सही करून टाका."

तिने पेन उचललं. प्राध्यापक खुर्चीत मागे रेलले.

'जागेवर शिल्लक' या रकान्यात त्यांनी 'पुरेसे' असं टाइप करून आणलं होतं. तिने त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'काही नाही'. मागची तारीख खोडून आजची घातली. मग सही केली.

प्राध्यापक उठून उभे राहिले. "तुम्हाला कळतंय का काय केलंत ते? माझ्यावर चौकशी बसेल, ते सोडा. जिथे काही उरलं नाही असं वनखातंच लिहून देतंय, तिथला रस्ता कोण अडवणार? घळ तुम्ही घालवलीत, बाई. मी नाही."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती फॉर्मकडे बघत राहिली. ती झाडं आता कशाच्या नावाने वाचवायची हे तिला सुचेना.

"मी खोटं लिहिलंय का?" तिने शेवटी विचारलं.

प्राध्यापकांनी पुडी मिटली, तिच्यावरचा कपटा सरळ केला आणि कपाटाचं दार उघडलं. "जाताना दार लावून घ्या."

तिने फॉर्मखालची कार्बन-प्रत काढून खिशात घातली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"माझं नाव नका देऊ त्याला. तुमचं द्या, सर. त्याला जिवंत शेवटचं तुम्हीच पाहिलंत."