पांढरं तेवढं पुसायचं

पडद्यावर आतड्याचं चित्र स्वच्छ होऊन आलं आणि ती खुर्चीत पुढे सरकली. आतल्या वळणावर अंगठ्याच्या पेराएवढी गाठ होती. आतडं तिच्या बाबांचं होतं.

रुग्णालयाच्या सीटी स्कॅन विभागात ती सात वर्षं तंत्रज्ञ होती. आदल्या दिवशी प्यायलेल्या औषधानं पोटात उरलेला मळ चित्रात पांढरा दिसे, आणि संगणक तेवढं पांढरं पुसून टाके. जे पुसलं जात नाही, ते आतड्याचं स्वतःचं. हे तिनं बाबांना घरी दोनदा समजावलं होतं. बाबा शिंपी. "खडूच्या खुणा झटकल्या की खालचं कापड कळतं, तसंच ना?" एवढंच ते म्हणाले होते.

उद्या सकाळी तिला दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी जायचं होतं. तिसऱ्या खेपेला मिळालेली जागा. आई गेल्यापासून घरात दोघंच.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली. तिनं सांगितलं, की एक गाठ दिसतेय आणि आपण आता परदेशी जाणार नाही.

बाबांनी मान खाली घातली.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "औषधाचे शेवटचे दोन डोस मी बेसिनमध्ये ओतले."

ती बाकावरून उठली.

"घशाखाली उतरेना गं. तुला सांगायची लाज वाटली."

ती आधी चिडली. मग एकदम हसू फुटलं आणि डोळे भरून आले. औषध नाही, तर मळ पांढरा नाही. पांढरा नाही, तर संगणक पुसणार कसा? गाठ म्हणजे नुसती घाण होती. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचं आणि जवळच राहणाऱ्या मावशीनं समोर बसून औषध पाजायचं, असं ठरलं. बाबांनी निमूट कान पकडले.

"जा, बॅग भर," ते म्हणाले.

तपासणी वाया गेल्याची नोंद करायला ती आत आली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून तिनं पुसण्याआधीची मूळ चित्रं उघडली.

मळाचा कण न् कण पांढराशुभ्र होता. करडी होती ती एकटी गाठ. बाबांनी औषधाचा एक थेंबही ओतला नव्हता.