दोन शिल्लक

"अजून दोन होतील, भावजी," बाकावर आडवी झालेली वहिनी म्हणाली.

"म्हणूनच थांबा." मास्तरांनी तिच्या हातातला बार उचलून स्टँडवर ठेवला.

तळघरातल्या या व्यायामशाळेचा हा नियमच होता. आणखी दोनदा उचलता येईल एवढी ताकद राखायची आणि थांबायचं. पोरं पाठीमागे त्यांना 'दोन-शिल्लक मास्तर' म्हणत आणि त्यांची हुबेहूब नक्कल करत. मास्तरांचं दुसरं वेड क्लिपांचं. चकत्या सरकू नयेत म्हणून बारच्या दोन्ही टोकांना लावतात त्या स्प्रिंगच्या क्लिपा. उभ्यानं वजन उचलताना त्या खुशाल लावा. पण बाकावर झोपून उचलताना लावायच्या नाहीत म्हणजे नाहीत. तशी पाटीच होती भिंतीवर. एकट्या माणसाचे हात संपले, तर तो बार एका अंगाला कलंडवतो, चकत्या घरंगळून पडतात, माणूस सुटतो. क्लिपा असल्या, की चकत्या पडत नाहीत.

मास्तरांचा थोरला भाऊ असा सुटला नव्हता.

दादाचं म्हणणं उलटं होतं. हात साफ नाही म्हणेपर्यंत सेट संपतच नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा. अकरा वर्षांपूर्वी, एका दुपारी व्यायामशाळा बंद असताना, याच बाकावर त्याचे हात नाही म्हणाले. मास्तर तेवढ्यात वेल्डरकडे गेले होते. परत येऊन पाहतात तर बार दादाच्या गळ्यावर, आणि दोन्ही टोकांना क्लिपा. डावीकडची तर उलटी लावलेली, तिचे दाबायचे कान आत चकतीकडे वळलेले. मास्तरांनी त्या ओढून काढल्या, बार बाजूला केला, दादाला हाका मारमार मारल्या. मग क्लिपा खिशात टाकल्या आणि त्यानंतरच माणसं बोलावली. 'बार हातातून सटकला,' एवढंच सगळ्यांना सांगितलं.

बार लावून ठेवणं हे मास्तरांचं काम. दादा झोपण्याआधी बारकडे ढुंकूनही पाहायचा नाही. बाहेर पडताना दिसेल त्या बारला क्लिपा लावायच्या, ही तेव्हा मास्तरांच्या हाताची सवय होती. त्या दिवशी लावल्याचं आठवत नव्हतं. पण दुसरं कोण लावणार? घाईत होतो, म्हणून एक उलटी लागली. जेवताना, दाढी करताना, चारचौघांत हसताना ती उलटी क्लिप मध्येच बोटांना लागायची आणि त्यांचं हसू विरून जायचं.

वहिनीनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. उलट 'भावजी होते म्हणून मी तरले,' असं ती ज्याला त्याला सांगायची. ते ऐकलं की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्याशिवाय त्यांना आता जवळचं कुणी नव्हतं. हाडं ठिसूळ झालीत, वजन उचला, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून अकरा वर्षांत आज पहिल्यांदा ती या पायऱ्या उतरून आली होती. आज सांगून टाकायचं, असं मास्तरांनी सकाळीच ठरवलं होतं. मग तिनं पुन्हा आपलं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

"वहिनी, एक सांगायचंय. अकरा वर्षं राहून गेलंय."

"मग सांगा की! एवढं काय अवघड आहे?"

ती उठली होती. बारची डावी चकती थोडी बाहेर आली होती. तिनं ती आत ढकलली, खुंटीवरची एक क्लिप घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून बारवर चढवली. क्लिपेचे कान आत चकतीकडे वळले होते.



"उलटी लावलीत," मास्तर म्हणाले.

"अगबाई, हो का? मला काय कळतंय त्यातलं!" वहिनी हसली. "मग ह्यांनाही तशीच लावून दिली असणार मी."

"कधी?"

"त्याच दिवशी. हे टॉवेल घरीच विसरले होते, तो द्यायला आले होते ना मी. हे आत तोंड धूत होते. चकती सरकलेली दिसली. म्हटलं, पडायची एखाद्या वेळी पायावर. दोन्हीकडे क्लिपा लावल्या, टॉवेल ठेवला आणि गेले. घाई होती, हाकसुद्धा मारली नाही." तिनं बारवरून हळूच हात फिरवला. "शेवटचं बोलणं झालं नाही, भावजी. पण तेवढी काळजी तरी माझ्या हातून घेतली गेली. त्याच आधारावर दिवस काढलेत मी."

मास्तर बाकावर बसले. मी नव्हतो, मी नव्हतो, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. क्षणभर त्यांना अगदी हलकं वाटलं. मग त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि त्या हलकेपणाची त्यांना लाज वाटली.

"हं, काय सांगत होतात?" वहिनी कौतुकानं भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि ही पाटी कसली हो? बाकावर क्लिपा का लावू देत नाही तुम्ही?"

मास्तर उठले. तिनं लावलेली क्लिप त्यांनी दाबून सैल केली आणि अलगद काढून घेतली.

"घामानं गंजतात, वहिनी," ते म्हणाले, आणि क्लिप त्यांनी खिशात टाकली.