प्रेक्षकांचा कौल

“माफीच्या बाजूचे हात वर करा,” व्यवस्थापक रंगमंचाच्या कडेला येऊन म्हणाला. रोजच्यासारखे दोन-चार हात वर येतील म्हणून राजा झालेल्या म्हाताऱ्या नटाने मान आधीच फासात घालून ठेवली होती. पण आज पार शेवटच्या रांगेपर्यंत हातच हात दिसले.

क्रांती होऊन तीन महिने झाले होते. खरा राजा कैदेत होता. त्याचा न्याय लोकांनीच करायचा, तर हात जरा बसावा, म्हणून क्रांती समितीने हे नाटक लावलं होतं. शेवट प्रेक्षकांनी ठरवायचा, फाशी की माफी. नऊ दुपारी फाशीच झाली. नटही नुसत्या पाट्या टाकायचा. त्या राजाच्या तुरुंगात त्याने दोन वर्षं काढली होती. त्याच्यासाठी कोण घाम गाळणार?

शेवटी बायकोलाच राहवलं नाही. “अहो, त्याचा राग आहे तर असू द्या,” झग्याला इस्त्री करता करता ती म्हणाली, “पण तुमचं काम बघवत नाही हो आता.”

ते वर्मी लागलं. दहाव्या दुपारी त्याचा राजा घाबरला, खोटं बोलला, लेकीची आठवण काढून रडला. माणूस झाला. आणि सुटला.

पडदा पडताच समितीचा अध्यक्ष रंगपटात आला. तुरुंगात दोघं एकाच कोठडीत होते, तरी नटाला वाटलं, आता आपली धडगत नाही.

“गड्या, लोक चुकले,” अध्यक्ष म्हणाला.

“लोक चुकत नाहीत, हे कोठडीत तूच शिकवलंस मला.”

“म्हणून तर नाटक बंद करत नाही. आपण काय राजे आहोत?” अध्यक्षाने त्याला मिठी मारली. “उद्याही अस्सं काम कर!”

नटाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तो आणखीच रंगला. लोक हुंदके देऊ लागले. फास गळ्यात आला, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात वर करून उभीच राहिली. “माफी! सोडा त्याला!”

“बसा आजी,” व्यवस्थापक अदबीने म्हणाला. “आत येताना दारात मत दिलंत ना? समितीचा नवा नियम आहे. आधी मतदान, मग नाटक.”