कप्तानांचा बंपर

साडूच्या गाडीचं मागचं चाक चिखलात आणखी वीतभर खाली गेलं आणि बांधावरच्या सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं.

पाहणारच. दगडधोंडे आणि चिखल तुडवणाऱ्या गाड्यांचा हा ग्रुप त्यांनीच काढलेला. त्यांच्या पिकअपला मागे बाहेरून करवून घेतलेला पोलादी बंपर होता. काळा कुळकुळीत, म्हशीच्या पाठीसारखा रुंद, आणि दोन्ही टोकांना दोर अडकवायचे लालभडक हूक. त्यांचं बघून एकेकानं तसलाच लावून घेतला. ‘बिनधास्त रुता, ओढायला मी आहे,’ असं कप्तान दर सहलीला सांगत. आजवर कोणी रुतलं नव्हतं, कारण आजवर कोणी चिखलात उतरलंच नव्हतं. गाड्या काठाला लावायच्या, फोटो काढायचे आणि डबे उघडायचे, अशी ग्रुपची रीत होती. पण आज मेहुणीनं वाटेत नवऱ्याला डिवचलं, की फोटोच काढायचे तर घराच्या अंगणात काढा. साडू तावातावानं थेट तळ्याकाठच्या दलदलीत शिरला.

कप्तान मात्र आपल्या बंपरकडे बघायचं टाळत होते. बसवायच्या दिवशी मिस्त्रीनं त्यांना नीट समजावलं होतं. या बंपरनं दुसरी गाडी ओढायची असेल तर खालच्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, भोकं पाडून बोल्ट आरपार घ्यावे लागतील. कप्तान म्हणाले होते, नव्याकोऱ्या गाडीला भोक पाडण्यापेक्षा माझे कान टोच. मग मिस्त्रीनं तो कंपनीच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवरच अडकवला आणि बजावलं, की शोभेला झकास आहे, पण याला दोर लावलात तर बंपर जाईल आणि गाडी राहील.

तेव्हापासून त्या बंपरचे लाड सुरू झाले. दर रविवारी मऊ फडक्यानं पॉलिश, हुकांना तेल, वरून जुनी चादर. घरात स्वतःचा पेलाही न विसळणारा हा माणूस बंपर पुसताना शीळ घालायचा. त्याला कारणही होतं. सासरी आधी धाकट्या जावयाचा, म्हणजे या साडूचाच बोलबाला होता. बंपर आला आणि पारडं फिरलं. सासऱ्यांनी त्यावर बुक्की मारून पाहिली, हात चोळला आणि म्हणाले, याला म्हणतात मजबुती. ते शब्द कप्तानांनी काळजाशी धरले होते. आज बांधावर बायको होती, मेहुणी होती. इथे जे घडेल ते सासऱ्यांच्या कानावर जायला संध्याकाळही लागणार नव्हती.

कप्तानांनी आधी भाषण केलं. घाईनं ओढलं तर गाडीला इजा होते, चिखलाला थोडा वेळ द्यावा लागतो, असं बरंच काही सांगितलं. चिखलानं दिलेला वेळ घेतला आणि चाक पुरतं गिळलं. मग त्यांनी मोठ्या मनानं ही संधी ग्रुपातल्या इतरांना देऊ केली. डॉक्टरांची कंबर अचानक धरली. वकिलांची गाडी नुकतीच सर्व्हिसिंग होऊन आली होती. कंत्राटदारांना फोन आला आणि ते बोलत बोलत झाडामागे गेले. कप्तानांना मनापासून संताप आला. एवढाले बंपर मिरवतात आणि वेळ आली की शेपूट घालतात.

शेवटी बायकोच बोलली. “अहो, इतकी वर्षं पुसलात तो बंपर. आता एकदा वापरा तरी.”

पळवाट उरली नाही. कप्तानांनी गाडी उलटी घेऊन बांधाच्या कडेला लावली, दोराचं एक टोक आपल्या लाल हुकात अडकवलं आणि दुसरं टोक घेऊन ते गुडघाभर चिखलात उतरले. प्रत्येक पावलाला त्यांना बंपर निखळल्याचा आवाज ऐकू येत होता. त्यापेक्षा खरं सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. साडू झाला तरी घरचाच माणूस. हळूच त्याच्या कानात सांगू, गाडी बिघडल्याचं निमित्त करू, अब्रू तरी झाकली जाईल. ते वाकले. तोंड उघडणार, तेवढ्यात साडूच खिडकीतून कुजबुजला.

“दादा, दोर माझ्या बंपरला नका बांधू. पत्र्यावर अडकवलाय नुसता, शोभेचा आहे. हिला सांगू नका.”

कप्तानांनी डोळे मिटले. सुंठीवाचून खोकला गेला होता. दोर साडूच्या गाडीखाली कुठे तरी बांधतो असं दाखवायचं, मग जमत नाही म्हणून ट्रॅक्टर मागवायचा, आणि विषय संपला. इथेच गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण समोर मेहुणी होती, आणि सासऱ्यांचे ते शब्द अजून कानात होते.

ते ताठ उभे राहिले आणि बांधाकडे वळून खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. बंपर म्हणजे दागिना नव्हे, तो नुसता अडकवून मिरवला की अशी फजिती होते, नाही तर मी एका हिसक्यात बाहेर काढलं असतं. मेहुणीनं कपाळाला हात लावला. डॉक्टर, वकील आणि झाडामागून परतलेले कंत्राटदार का कोण जाणे, आपापल्या बुटांकडे बघत राहिले. कप्तानांना आता चांगलाच चेव चढला होता.

“आणि कोणी सांगितलं हो तुम्हाला असला बसवायला?”

साडू लालेलाल झाला. दार उघडून तो चिखलात उतरला आणि बांधावर प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मिस्त्रीनं विचारलं होतं, ओढायचा हवा की तुमच्या ग्रुपात सगळ्यांना बसवलाय तसा? मी म्हटलं, कप्तानांचा आहे तसा.”