वाचाळ

"एक्केचाळीस," ती स्वतःशीच म्हणाली आणि आकडा वहीत लिहिला.

"लिहा, लिहा. अक्षर छान आहे तुमचं," मागून आवाज आला. "मोजण्यापेक्षा तेच बरं जमतं."

तिनं मान वळवली नाही. टेबलावर लॅपटॉप घुमत होता. त्याच्या तळाला तापमान मोजणाऱ्या पाच तारा चिकटवलेल्या होत्या. परीक्षा साधी होती: एक ठरलेला प्रोग्राम लावून यंत्राला अवघड गणितं घालायची, तासभर उसंत द्यायची नाही आणि तळ किती तापतो ते बघायचं. अठ्ठेचाळीस अंशांच्या वर गेला की नापास. हा लॅपटॉप शाळेतल्या मुलांसाठी होता. मुलं तो मांडीवर घेऊन बसणार होती. तिची सही झाल्याशिवाय एकही नग विक्रीला जाणार नव्हता.

मागे खुर्ची उलटी करून बसलेला माणूस लॅपटॉपच्या कंपनीचा इंजिनिअर. चाचणी बघायला आलेला. पहिल्या दिवशी त्यानं तिच्या तारांची अक्कल काढली, दुसऱ्या दिवशी तिची. काल तिनं साहेबांकडे तक्रार केली, तर साहेब म्हणाले, "यंत्र पास होतंय ना? मग सही कर आणि पीडा घालव."

आज तिसरा, शेवटचा नग. तास संपला. आकडा बेचाळीसच्या वर गेला नव्हता. तिनं रिपोर्ट पुढे ओढला.

"अकरा वर्षं हाच प्रोग्राम चालवताय ना, ताई?"

"हाच. म्हणून तर जुन्या यंत्रांशी नवी ताडून बघता येतात."

"म्हणजे तोच पेपर, तेच प्रश्न. ढ पोरगंसुद्धा पाठ करून येईल. प्रश्न राहू द्या, पेपरचं नाव तरी बदलायचं कधी. पण त्यालाही डोकं लागतं म्हणा."

सहीचं पहिलं अक्षर कागदावर उमटलं होतं. तिथंच तिचा हात थांबला. तिनं पेन ठेवलं, प्रोग्रामची प्रत काढली, तिला नाव दिलं 'वाचाळ', आणि त्याला वाचता येईल अशी स्क्रीन वळवली.

"घ्या. बदललं. आता तासभर तोंड बंद."

यंत्र गार होऊ दिलं आणि तिनं पुन्हा चाचणी सुरू केली. तो खरंच गप्प बसला होता.

पाचव्या मिनिटाला बेचाळीस. दहाव्याला एकोणपन्नास. पंखा किंचाळू लागला. एखादी तार सुटली असेल म्हणून तिनं पाचही दाबून पाहिल्या. छप्पन्न झाले तेव्हा तिनं तळाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गणितं तीच, टेबल तेच, खोली तीच. नाव तेवढं वेगळं.

तिनं जुन्या नावानं प्रोग्राम चालवला. पंखा शांत झाला, आकडा उतरू लागला. ते नाव दिसलं की यंत्र परीक्षा ओळखत होतं आणि अंग चोरून काम करत होतं.

"ही चलाखी कोणी घातली यात?"

"मी."

"पोरांच्या मांड्या भाजल्या असत्या. लाज नाही वाटली?"

"वरून हुकूम होता. बाहेर कुणाला सांगणार नाही, असं लिहूनही घेतलंय माझ्याकडून." त्यानं अर्धी सही झालेला रिपोर्ट उचलला, चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. "तीन दिवस तुम्हाला नाही नाही ते बोलतोय, ताई. तुम्हाला राग यायला इतका वेळ लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं मला."