तपासनीस गुरुसिद्धप्पा

कोड तिसऱ्यांदा परत आला, तर काम चंद्रिकाच्या हातचं गेलंच म्हणायचं. कंपनीनं तसं गोड शब्दांत कळवूनही टाकलं होतं. पुढचं पुण्यातलं कुणी तरी बघेल, तुम्ही आपल्या पूर्वीसारख्या चाचण्या करा. आता असलं गोड शब्दांत सांगितलेलंच जास्त झोंबतं. लग्न होऊन जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून ती दुसऱ्यांच्या कोडमधले खडे वेचत होती. स्वतः ड्रायव्हर लिहायची ही पहिलीच संधी.

काम सांगायला सोपं. दुधाच्या टाकीतल्या तापमानाचा चढउतार एक चिप आकड्यांत बदलते. ते आकडे कर्नलपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या पार गाभ्यापर्यंत पोचवणारा निरोप्या म्हणजे ड्रायव्हर. तो लिनक्समध्ये, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या प्रणालीत, घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस फिनलंडमध्ये बसलेला. सभ्य, पण भलताच खडूस. दोनदा त्यानं कोड परत धाडला होता, आणि आज सकाळी वर मेल. 'चालता चालता यंत्र मधेच गोठतं. कुठं, ते शोधत बसायला मला वेळ नाही. पाठवण्याआधी कुणाला तरी समोर बसवून ओळ न् ओळ वाचून दाखवा. आज आलं तर या खेपेला घेईन.'

समोर बसवायचं कुणाला? नवरा राजशेखर दुकानात. घरात उरले सासरे. गुरुसिद्धप्पा भुसार मालाचे जुने व्यापारी. धंदा मुलाच्या हवाली करून आता दिवसभर बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसत. कॉम्प्युटरजवळ ताकाचा पेला ठेवू नये, एवढंच त्यांना त्यातलं ठाऊक.

सकाळपासून दार लावून डोकं फोडूनही चंद्रिकाला काही सापडलं नव्हतं. शेवटी दुपारी ती लॅपटॉप घेऊन उठली आणि झोपाळ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अप्पा, जरा ऐकता का? कळलं नाही तरी चालेल."

अप्पांनी झोपाळा थांबवला आणि मान डोलावली. तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चिपला जागं कसं करायचं, कुठल्या टाकीचं वाचायचं ते तिला कसं कळवायचं. अप्पा एकटक तिच्याकडं बघत होते. मठातलं प्रवचनही त्यांनी इतकं मन लावून कधी ऐकलं नसेल. चंद्रिकाला बिचाऱ्यांची दया आली, तशी ती जरा खुललीही. घरात कुणी तिच्या कामाकडं असं लक्ष दिलंच नव्हतं.

"इथं आपण कुलूप लावतो, अप्पा. एकाचं वाचून होईपर्यंत दुसऱ्यानं चिपला हात लावायचा नाही. मग चिपच्या उत्तराची वाट बघायची. नाहीच आलं तर चूक झाली म्हणून माघारी यायचं. आलं तर आकडा घ्यायचा, कुलूप काढायचं, आणि पुढं..."

"मत्तोम्मे," अप्पा म्हणाले. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. "परत एकदा सांग, अव्वा." लाडात आले की ते सुनेला अव्वा म्हणत.

"काय परत? कुलपाचं?"

अप्पांनी बोटानंच मागं जायची खूण केली. चंद्रिका वैतागली. ती ओळ तर अगदी साधी, रोज नजरेखालून जाणारी. तिनं परत सांगितली, पण मघासारखीच उरकून.

"मत्तोम्मे."

आता मात्र तिनं एकेक शब्द पाय रोवून म्हटला. कुलूप लावलं. वाट बघितली. उत्तर आलं नाही. माघारी आलो. आणि ती बोलता बोलता थांबली. माघारी आलो खरं, पण कुलूप कुणी काढलं? कुणीच नाही. चिप एकदा गप्प बसली की दार बंद ते बंदच, आणि मागून येणारे सगळे बाहेर ताटकळत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची निघाली. तिनं ती केली, यंत्र चालवून बघितलं आणि कोड पाठवून दिला. दिवेलागणीला फिनलंडचं उत्तर आलं. 'आता बरोबर आहे. घेतलं. तपासणाऱ्याचं नाव खाली घालतो, ते तेवढं कळवा. असा माणूस नशिबानंच मिळतो.' चंद्रिकानं आनंदानं नाव कळवलं, गुरुसिद्धप्पा.

राजशेखर आला तसं तिनं त्याला दारातच गाठलं. "अहो, अप्पांना कोड कळतो. नुसतं ऐकून त्यांनी मला बरोबर चुकीपाशी अडवलं."

चप्पल काढता काढता राजशेखर थबकला. "ऐकून?" त्यानं खिशातनं एक छोटी डबी काढली. "अगं, त्यांच्या कानाचं मशीन सकाळीच मी दुरुस्तीला नेलं होतं. हे आत्ता घेऊन येतोय. त्याच्याबिगर त्यांना ढोल वाजलेला कळत नाही."

चंद्रिका तशीच अप्पांकडं धावली. नाव तर जाऊन पोचलं होतं. अप्पांनी सावकाश मशीन कानात बसवलं, तोवर ती समोर उभीच.

"अप्पा, खरं सांगा. दुपारी मी वाचलं, त्यातलं तुम्हाला काय कळलं?"

"एक अक्षर ऐकू आलं नाही की," अप्पा निवांतपणे म्हणाले. "मी आपला तुझं तोंड बघत बसलो होतो. मार्केट यार्डात जन्मभर तेच केलं. माल दाखवणारा ज्या पोत्यापुढनं भरभर जातो, तेच पोतं आपण फोडून बघायचं असतंय, अव्वा."